शेवाळातून हायड्रोजन: अडतं नेमकं कुठे?

हिरव्या सूक्ष्म शेवाळाला प्रकाश दिला आणि त्याच्याभोवतीचा ऑक्सिजन काढून घेतला, तर ते हायड्रोजन वायू सोडतं. हा शोध आजचा नाही. बर्लिनमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या हाताखाली तयार झालेले हान्स गाफ्रोन दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत शिकागोला आले. तिथे सेनेडेस्मस नावाच्या शेवाळावर काम करताना त्यांना दिसलं की काही तास ऑक्सिजनविना ठेवलेल्या शेवाळाचं वागणं बदलतं आणि ते हायड्रोजनचा व्यवहार करू लागतं. १९४२ साली त्यांनी जॅक रुबिन यांच्यासोबत शोधनिबंध लिहिला. हे शेवाळ अंधारात थोडा आणि प्रकाशात त्याहून बराच जास्त हायड्रोजन सोडतं, असं त्यात नोंदवलेलं आहे.

म्हणजे गोष्ट ८० वर्षांहून जुनी. पाणी फुकट, ऊन फुकट, शेवाळ आपोआप वाढणारं. मग या हायड्रोजनवर एकही बस का धावत नाही? पैसे कमी पडले किंवा कुणाच्या हितसंबंधांनी हे दाबलं, असं उत्तर समाजमाध्यमांवर नेहमी वाचायला मिळतं. खरं उत्तर पेशीच्या आत आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हायड्रोजनची आजची स्थिती. जगात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून निघतो. खतांचे कारखाने आणि तेलशुद्धीकरण हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यातून सौर किंवा पवन वीज सोडून हायड्रोजन काढला तर हा धूर टळतो, पण किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज लागते. भारत सरकारने जानेवारी २०२३मध्ये मंजूर केलेलं १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मुख्यतः याच वाटेवर उभं आहे. शेवाळाची वाट वेगळी आहे. पाणी फोडण्याचं काम शेवाळ स्वतःच करतं, तेही थेट उन्हावर. मध्ये सौर पॅनेल नाही, तारा नाहीत, विजेने पाणी फोडणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर नाही.

ज्या शेवाळावर सगळ्यात जास्त काम झालंय त्याचं नाव क्लॅमिडोमोनास राइनहार्टी. एकच पेशी, जेमतेम १० मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. पोहण्यासाठी पुढे दोन बारीक शेपट्या, पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक आणि प्रकाश कुठून येतोय हे कळायला एक नारिंगी ठिपका. प्रयोगशाळांमध्ये वापरला जाणारा त्याचा मुख्य वाण १९४५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट इथल्या बटाट्याच्या शेतातल्या मातीतून वेगळा केलेला आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण या संशोधनाचा नायक कुठल्या खोल समुद्रातला दुर्मीळ जीव नाही. शेतात, डबक्यात, ओल्या मातीत त्याचे भाऊबंद सापडतात.

आता पेशीच्या आत जाऊ. प्रकाशसंश्लेषण म्हणजे झाडं हवेतला कार्बन घेऊन साखर बनवतात, एवढं शाळेतून आपल्या लक्षात राहिलेलं असतं. पण त्याची पहिली पायरी कार्बनची नाही, पाण्याची आहे. फोटोसिस्टिम-२ नावाचं प्रथिनांचं एक यंत्र प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडतं. त्यातून तीन गोष्टी निघतात: ऑक्सिजन, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. ऑक्सिजन बाहेर जातो. इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे सरकत फोटोसिस्टिम-१पर्यंत पोहोचतात. तिथे त्यांना पुन्हा प्रकाशाचा धक्का मिळतो आणि ते फेरेडॉक्सिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या हाती येतात.

खरी मारामारी फेरेडॉक्सिनपाशी आहे. आपल्याकडे पाटाच्या पाण्यावर जसं असतं अगदी तसंच. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याचं रान आधी भिजतं, आणि टेलच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं मिळतं. इथे तोंडाशी बसलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, इलेक्ट्रॉन घेऊन साखर बनवण्याच्या कामाला लावतं. पेशीला जगायचं आणि वाढायचं असल्यामुळे तिच्या दृष्टीने हेच बरोबर आहे. टेलला बसलंय हायड्रोजनेज नावाचं विकर. त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की ते दोन प्रोटॉनना जोडून हायड्रोजनचा एक रेणू तयार करतं. नेहमीच्या दिवशी त्याच्यापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

मग पेशीने हे विकर बाळगलंच कशाला? रात्री डबक्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन सगळे जीव मिळून संपवतात. सकाळी ऊन पडताच फोटोसिस्टिम लगेच कामाला लागते, पण साखर बनवणारी यंत्रणा जागी व्हायला थोडा वेळ घेते. त्या मधल्या वेळात इलेक्ट्रॉन तुंबले तर पेशीला इजा होऊ शकते. हायड्रोजनेज त्यांना वाट करून देतं. साखरेचं चक्र सुरू झालं आणि ऑक्सिजन साचू लागला की त्याचं काम संपतं. म्हणजे निसर्गात हा काही मिनिटांचा खेळ आहे, आणि आपण तो दिवसभर चालवू पाहतोय. या क्षेत्रातली प्रत्येक अडचण या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

हायड्रोजनेजबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. त्याच्या गाभ्यात लोखंडाचे सहा अणू असतात. त्यातले चार गंधकासोबत घनाकृती मांडणीत, आणि त्यांना जोडलेले दोन अगदी मोक्याच्या जागी. या दोन अणूंना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड चिकटलेले असतात. आपल्याला जीवघेणे असलेले हे दोन पदार्थ पेशी स्वतः मोजूनमापून बनवते आणि नेमक्या जागी बसवते. असं एक विकर सेकंदाला हजारो हायड्रोजन रेणू बनवू शकतं. माणसाने बनवलेल्या यंत्रांत हेच काम करायला प्लॅटिनमसारखा महागडा धातू लागतो. शेवाळ ते साध्या लोखंडावर भागवतं. जर्मनीत बोखुम इथे थॉमस हाप्पे यांच्या गटाने या विकराच्या रचनेवर आणि जडणघडणीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

पण ऑक्सिजन लागला की हे विकर काही क्षणांत मोडतं. नुसतं बंद पडत नाही. त्याचा लोखंडी गाभाच विस्कटतो आणि पेशीला नवं विकर बनवावं लागतं. त्यावर कडी म्हणजे ऑक्सिजन असेल तर पेशी या विकराची जनुकंच वापरत नाही.

म्हणजे हायड्रोजन हवा तर इलेक्ट्रॉन हवेत, इलेक्ट्रॉन हवेत तर पाणी फोडलं पाहिजे, आणि पाणी फोडलं की ऑक्सिजन निघणारच, जो हायड्रोजन बनवणाऱ्या विकराचा काळ आहे. गाफ्रोन यांच्या प्रयोगांत शेवाळ थोडाच वेळ हायड्रोजन देत होतं, त्यामागे हेच कारण होतं. १९७३च्या तेलसंकटानंतर पुन्हा लोक या विषयाकडे वळले. शेवाळातून सतत दुसरा वायू खेळवून ऑक्सिजन धुऊन काढायचे प्रयोग झाले. प्रयोगशाळेत ते चालतं, पण मोठ्या प्रमाणावर एवढा वायू फिरवायला लागणारी ऊर्जा परवडत नाही, आणि मिळणारा हायड्रोजन त्या वायूत पातळ होऊन जातो.

कोंडी फुटली २००० साली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अनास्तासिओस मेलिस आणि कोलोरॅडोत गोल्डन इथल्या राष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा प्रयोगशाळेतल्या मारिया गिरार्डी, मायकल सायबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण फार हुशारीची युक्ती मांडली. शेवाळाला गंधक द्यायचं नाही.

गंधकाचा इथे काय संबंध? फोटोसिस्टिम-२मध्ये डी-१ नावाचं एक प्रथिन असतं. पाणी फोडण्याचं काम इतकं धसमुसळं आहे की हे प्रथिन उन्हात सतत खराब होतं आणि पेशी ते सतत नवं बनवून बसवत राहते. प्रथिन बनवायचं तर गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. गंधक तोडलं की डी-१ची दुरुस्ती रखडते आणि पाणी फोडणारी यंत्रं एकेक करून बंद पडू लागतात. श्वसन मात्र चालूच राहतं. एक वेळ अशी येते की पेशी जेवढा ऑक्सिजन बनवते त्याहून जास्त स्वतःच खाऊन टाकते. बाटली हवाबंद असेल तर उरलासुरला ऑक्सिजन संपतो, हायड्रोजनेज जागं होतं आणि बुडबुडे निघू लागतात.

प्रयोगशाळेत हे असं करतात. ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, घातलेल्या द्रावणात शेवाळ आधी भरपूर वाढवायचं, अगदी गडद हिरवं होईपर्यंत. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि वरचं पाणी ओतून द्यायचं. खाली उरलेला हिरवा गाळ नव्या द्रावणाने धुवायचा. या नव्या द्रावणात सगळं पोषण तेच, फक्त सल्फेटच्या जागी क्लोराइड. गंधकाचा अंश मागे राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा धुवायचं, कारण थोडं जरी राहिलं तरी शेवाळ त्यावर आणखी वेळ काढतं. मग चपट्या काचेच्या बाटलीत भरून, रबरी बूच घट्ट लावून, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे आणि आत चुंबकाची दांडी फिरत ठेवायची. बुचातून काढलेल्या नळीचं दुसरं टोक पाण्यात उपड्या धरलेल्या मापपात्राखाली.

पहिला दिवस बाहेरून काहीच घडत नाही. आत मात्र पेशी स्टार्चचा साठा करत असतात, नेहमीपेक्षा कितीतरी पट. साधारण एका दिवसानंतर मापपात्रातलं पाणी हळूहळू खाली ढकललं जाऊ लागतं. वेग दर लिटर द्रावणामागे तासाला साधारण २ मिलिलिटर. हे तीनेक दिवस चालतं. या काळात थोडे इलेक्ट्रॉन अजून तग धरून असलेल्या फोटोसिस्टिम-२कडून येतात आणि थोडे साठवलेलं स्टार्च मोडून. हिरवा रंग फिकट होत जातो, वेग मंदावतो आणि शेवटी थांबतो. मग पुन्हा गंधक द्यायचं, शेवाळाला सावरू द्यायचं, आणि सगळं परत पहिल्यापासून.

या प्रयोगाचं मोल मोठं आहे. काही मिनिटांची गोष्ट पहिल्यांदाच काही दिवसांवर गेली, तीही नुसत्या बाटलीत, कुठलाही वायू न खेळवता. पण त्याची किंमतही डोळ्यांआड करू नये. आपण ज्या यंत्राकडून पाणी फोडून घ्यायला निघालो, तेच यंत्र आपण उपाशी ठेवून बंद पाडतोय. शेवाळ आजारी असतं म्हणूनच हायड्रोजन निघतो. तो वेग कधीच फार वाढणार नव्हता.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ही किंमत कमी करण्यात गेली. जर्मनीत बीलेफेल्ड इथे ओलाफ क्रुझे आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात बेन हँकामर यांच्या गटांनी २००५ साली स्टीएम-६ नावाचा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेला वाण पुढे आणला. त्यात इलेक्ट्रॉन एकाच जागी गोल गोल फिरत राहण्याची वाट अडवलेली आहे आणि स्टार्चचा साठाही जास्त होतो. त्याने दर लिटरमागे १० ते १४ दिवसांत ५४० मिलिलिटरपर्यंत हायड्रोजन दिला. दुसऱ्या काहींनी शेवाळ समुद्री वनस्पतींपासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या पातळ जेलीत बसवलं. त्यात ऑक्सिजन सहज आत शिरत नाही आणि विकर जास्त टिकतं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाची २०१८ सालची कल्पना मला स्वतःला फार आवडते, कारण ती शेवाळाला उपाशी ठेवत नाही. तिथे सेर्गेई कोसुरोव्ह आणि यागुत अल्लाहवर्दियेवा यांच्या गटाने शेवाळाला प्रकाश तुकड्यातुकड्यांनी दिला. एक सेकंद उजेड, नऊ सेकंद अंधार, पुन्हा एक सेकंद उजेड. एवढ्याशा झोतात साखरेचं चक्र जागं होत नाही. तोंडाचं शेत झोपलेलं, त्यामुळे सगळं पाणी थेट टेलला. ऑक्सिजनही इतका थोडा बनतो की श्वसन तो संपवून टाकतं. गंधकासकट सगळं पोषण असलेल्या निरोगी शेवाळाने असा हायड्रोजन दिला. अडचण उघड आहे: सूर्य असा उघडझाप करत नाही, आणि नऊ दशांश वेळ अंधार ठेवला तर तेवढं ऊन वाया जातं.

आणखी एक वाट जनुकीय जोडकामाची. फेरेडॉक्सिनपाशी भांडण होतं, तर फेरेडॉक्सिनला बाजूलाच का ठेवू नये? ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे केव्हिन रेडिंग आणि तेल अवीव विद्यापीठाचे इफ्ताख याकोबी यांच्या गटांनी २०२०मध्ये हायड्रोजनेज थेट फोटोसिस्टिम-१च्या अंगातच जोडून दाखवलं, आणि तेही जिवंत पेशीत. इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो सरळ विकरातच. ऑक्सिजनची नाजूक बाजू यात सुटत नाही, पण वाटमारी मात्र जवळजवळ थांबते.

आता आकडेमोड, कारण बातम्यांमध्ये नेमकी तीच गाळलेली असते. १ किलो हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला साधारण १२,००० लिटर जागा व्यापतो. फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, चालणारी मोटार तेवढ्यात साधारण १०० किलोमीटर जाते. स्टीएम-६चा आकडा घेतला, लिटरमागे ५४० मिलिलिटर, तर १ किलोसाठी २२,००० लिटर शेवाळ हवं, म्हणजे दहा हजारी पाण्याचे दोन टँकर आणि वर थोडं. तेही दोन आठवडे हवाबंद, सतत ढवळत, प्रकाशात.

जमिनीच्या हिशेबात बघायचं तर आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास सूर्यऊर्जा पडते आणि १ किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते. शेवाळाने उन्हातली १ टक्का ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरवली, तर रोज १ किलोसाठी ६६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहा गुंठे लागतील. प्रत्यक्षात उघड्या उन्हात दीर्घकाळ १ टक्कादेखील गाठणं आज अवघड आहे. कागदावरची कमाल मर्यादा १० टक्क्यांच्या थोडी वर आहे. उलट २० टक्के कार्यक्षमतेचं सौर पॅनेल आणि ६५ टक्क्यांचा इलेक्ट्रोलायझर जोडला तर एकूण १३ टक्के होतात आणि तेच काम अर्ध्या गुंठ्यात भागतं. शेवाळाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने ही तुलना आधी मान्य करायला हवी.

ऊन एवढं वाया का जातं? शेवाळ प्रकाशाच्या बाबतीत हावरं आहे. प्रत्येक फोटोसिस्टिमभोवती प्रकाश टिपायला हरितद्रव्याचे शेकडो रेणू असतात. दाट शेवाळात वरच्या थरातल्या पेशी भर दुपारी त्यांना वापरता येईल त्याच्या कितीतरी पट प्रकाश शोषतात आणि जास्तीचा उष्णता म्हणून टाकून देतात. खालच्या पेशी अंधारात बसतात. निसर्गात शेजाऱ्यावर मात करायला ही सवय उपयोगाची, टाकीत मात्र तोट्याची. म्हणून मेलिस यांच्याच प्रयोगशाळेने कमी हरितद्रव्याचे, फिकट दिसणारे वाण तयार केले. त्यात प्रकाश खोलवर झिरपतो. माझ्या मते हायड्रोजनइतकाच हा धागा महत्त्वाचा आहे, कारण तो शेवाळाच्या कुठल्याही शेतीला लागू पडतो.

सुरक्षेचा मुद्दाही बाजूला टाकता येत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं, इतका रुंद पल्ला फार थोड्या वायूंचा असतो. निरोगी शेवाळ पाणी फोडून एकाच टाकीत दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन देईल, तेव्हा ते दोन्ही वेगळे करण्याचा खर्च येणारच. शिवाय हायड्रोजनचा रेणू इतका छोटा की प्लॅस्टिकच्या साध्या नळ्यांमधूनही तो झिरपतो. गंधक तोडण्याच्या पद्धतीत ऑक्सिजन वेगळा करावा लागत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

इथे एक गफलत टाळायला हवी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्यापासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन काढण्यावर काम झालं आहे. मराठी बातम्यांत ते आणि शेवाळाचं काम एकाच नावाखाली येतं. पण ते किण्वन, म्हणजे आंबवणं आहे. त्यात प्रकाश लागत नाही, पाणी फुटत नाही, हायड्रोजन येतो तो काडीकचऱ्यातल्या साखरेतून. टाकाऊ मालाची विल्हेवाट लावायला ती वाट चांगली आहे आणि बाजाराच्या जास्त जवळही आहे, पण दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

मला वाटतं, येत्या काही वर्षांत शेवाळाचा हायड्रोजन इंधन म्हणून विकत मिळणार नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नयेत. तरीही या संशोधनावर खर्च व्हायलाच हवा. लोखंडावर चालणारं, प्लॅटिनमच्या तोडीचं उत्प्रेरक निसर्गात कसं घडतं हे इथे शिकायला मिळतं आणि रसायनशास्त्रज्ञ त्या गाभ्याच्या कृत्रिम प्रती बनवू लागले आहेत. अशा एखाद्या प्रतीला ऑक्सिजन सहन करायला शिकवता आलं, तर तिचा उपयोग शेवाळाच्या टाकीबाहेरही होईल.

तोवर 'शेवाळापासून इंधन, शास्त्रज्ञांना मोठं यश' असा मथळा दिसला तर खालच्या मजकुरात काही गोष्टी शोधा. लिटरमागे तासाला किती मिलिलिटर, आणि असं किती तास किंवा दिवस? दुप्पट वेग मिळूनही तो दहा मिनिटांतच संपत असेल तर प्रश्न तिथेच आहे. प्रकाश दिव्याचा होता की भर उन्हाचा? मंद दिव्याखाली कार्यक्षमतेची टक्केवारी नेहमीच बरी दिसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवाळाला ॲसिटेट खायला घातलं होतं का. घातलं असेल, तर हायड्रोजनमधले काही इलेक्ट्रॉन पाण्याऐवजी त्या ॲसिटेटमधून आलेले असू शकतात, ऑक्सिजन संपवणारं श्वसनही त्याच्याच जिवावर चाललेलं असतं, आणि ते ॲसिटेट कशापासून बनवलं आणि त्याला किती खर्च आला, हे त्या हिशेबात धरावंच लागतं.